साहेब मेले की वडे सोडायचे

माझ्या वडिलांनी चौतीस वर्षं सिनेमाच्या थिएटरात नोकरी केली आणि एकही सिनेमा धड पाहिला नाही. हे कुणाला सांगितलं की लोक माझ्याकडे बघून हसतात, त्यांना वाटतं मी थापा मारतेय. बाबा डोअरकीपर होते. कामावर असताना पडद्याकडे पाठ करून उभं राहायचं हा त्यांचा नियम होता, आणि तो त्यांना कुणी घालून दिलेला नव्हता. "लोक सिनेमा बघायला येतात, मी लोकांकडे बघायला जातो," असं ते सांगायचे. सुट्टीच्या दिवशी ते झोपायचे. टीव्हीवर सिनेमा लागला तर त्या खोक्याकडे हात करून "हा काय सिनेमा आहे? ही चतकोर," म्हणायचे आणि उठून जायचे.

पुढे ते थिएटर पाडलं. शेवटच्या दिवशी बाबा त्यांचा टॉर्च घेऊन माझ्या धायरीच्या फ्लॅटवर राहायला आले. तीन सेलचा स्टीलचा टॉर्च, काचेवर निळा जिलेटिनचा कागद, लोकांच्या डोळ्यांवर उजेड येऊ नये म्हणून. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती, मी एकटीच, त्यामुळे घरात आम्ही दोघं आणि तो टॉर्च.

पहिले काही महिने ते दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत उभे राहून सोसायटीत येणाऱ्या गाड्यांना कुठे उभं राहायचं ते टॉर्चनं दाखवत. भर दुपारी. सोसायटीच्या सेक्रेटरींकडे तक्रार गेली, सेक्रेटरींनी मला बोलावून घेतलं, मी बाबांना सांगितलं आणि ते गॅलरीत जायचे बंद झाले. मग ते खुर्चीत बसून टॉर्च चालू करायचे, बंद करायचे. "काय करताय?" म्हटलं तर "सेल बघतोय," म्हणायचे. मी आयटी कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करते, आठवड्यातले दोन दिवस घरूनच. माझ्या मीटिंगच्या मागे ती खटखट सतत चालायची. मला तिची भीती वाटायला लागली होती. हा माणूस एक दिवस असाच खुर्चीत बंद होईल, असं मला खरोखर वाटायचं.

त्याच सुमाराला सिंहगड रोडवर, खडकवासल्याकडे जाताना डाव्या हाताला, एका नटानं हॉटेल काढलं.

हा नट तुम्हांला माहीत आहे. नाव आठवणार नाही, पण "तो नाही का, मरतो तो," म्हटलं की लगेच चेहरा डोळ्यांसमोर येईल. उभ्या कारकिर्दीत त्यांनी नायकाच्या मित्राचं काम केलं आणि झाडून सगळ्या सिनेमांत मध्यंतराआधी मेले. गोळी लागून मेले, विष पिऊन मेले, दरीत पडून मेले. एका सिनेमात तर त्यांना मरायलाही पडद्यावर येऊ दिलं नाही, नुसती तार आली. मध्यंतरानंतरच्या सिनेमात ते फक्त हार घातलेल्या फोटोत असायचे. आता साठी गाठलेली, केस काळेभोर, आवाज असा की चहा मागितला तरी मृत्युपत्र वाचतायत असं वाटावं.

उद्घाटनाच्या संध्याकाळी मी बाबांना जवळजवळ ओढत तिथे नेलं. हॉटेल अगदी जुन्या थिएटरसारखं बांधलं होतं. बाहेर तिकीट खिडकी, आत खाली स्टॉल, वरच्या माळ्यावर बाल्कनी, समोर मोठा पडदा. गेटवर झेंडूचं तोरण आणि तोरणाखाली लाल अक्षरांत पाटी: हाऊसफुल. लोक स्कूटरवरून येत होते, पाटी वाचत होते आणि स्कूटर वळवून परत जात होते. एक कुटुंब तर म्हणालं, "पहिल्या दिवशी गर्दी असणारच," आणि कणसं खायला सरळ धरणावर गेलं.

बाबा दोन मिनिटं ते बघत राहिले. मग दार ढकलून आत शिरले. आत काळं कुत्रं नव्हतं. वेटर ओळीनं उभे होते, आणि मध्यभागी सफारी घालून तो नट.

"पाटी कुणी लावली?" बाबांनी विचारलं.

"मीच लावली, काका," नट म्हणाले. "आयुष्यात पहिल्यांदा. शुभ म्हणून."

"हाऊसफुल भरल्यावर लावतात. तुम्ही रिकाम्यावर लावलीत. आणि काका कुणाला म्हणता? तुमच्या-माझ्यात दहा वर्षांचं अंतर असेल नसेल."

बाबांनी बाहेर जाऊन पाटी काढली, परत चाललेल्या दोन स्कूटर टॉर्च दाखवून थांबवल्या आणि त्या माणसांना आत आणून टेबलावर बसवलं. त्यांच्या चालण्यात काहीतरी बदललं होतं. ते मी बघत होते, तसे ते नटही बघत होते.

"काका, आपण थिएटरात होतात?" ते म्हणाले. काका म्हणायचं त्यांनी पुढेही सोडलं नाही.

"चौतीस वर्षं."

"म्हणजे माझे सिनेमे..."

"सगळे आमच्याकडेच लागले."

नट एक पाऊल जवळ आले. आवाज खाली आला. "मग माझं मरण कसं वाटायचं?"

आता इथे कुठल्याही शहाण्या माणसानं 'उत्तम' म्हटलं असतं. बाबा म्हणाले, "कल्पना नाही. तुम्हांला गोळी लागली की मी कॅन्टीनला जायचो. वडे सोडायला सांगायला."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण बाबांनी सगळी पद्धत शांतपणे समजावून सांगितली. मध्यंतर झालं की तीनशे माणसं एकदम बाहेर येणार. वडे आधी तळून ठेवले तर गार होणार, उशिरा तळले तर घंटा वाजणार. कॅन्टीनमध्ये सिनेमा दिसत नाही. तेव्हा वेळ सांगायची कुणी? तर डोअरकीपरनं. आणि वेळ ओळखायची कशावरून? तर हे गृहस्थ मरायला लागले की मध्यंतराला सात-आठ मिनिटं उरली, हे ठरलेलं. गोळीचा आवाज आला की बाबा निघायचे, वड्यांचा घाणा तेलात पडायचा आणि हे पडद्यावर गतप्राण होईपर्यंत वडे गरमागरम ताटात. "विषाच्या सिनेमात दोन मिनिटं जास्त मिळायची," बाबा म्हणाले. "दरीच्या सिनेमात मात्र धांदल व्हायची. पडलात की लगेच संपलं."

मला वाटलं, आता हे आम्हांला हाकलणार. तर नट खो खो हसत सुटले, डोळे पुसले आणि म्हणाले, "म्हणजे माझ्या मरणाचा कुणाला तरी उपयोग होत होता! काका, उद्यापासून या. टॉर्च घेऊन या."

दुसऱ्या दिवशी बाबांनी खाकी शर्टाला स्वतः इस्त्री केली.

हॉटेल कसं होतं ते आता सांगायला हवं, कारण खरं वाटणार नाही. आत अंधार. पूर्ण अंधार, थिएटरसारखा. बाबा टॉर्चनं वाट दाखवत टेबलापर्यंत नेणार, तिकिटाचं अर्धं फाडून घेणार आणि जाणार. मग त्या अंधारात जेवायचं. पहिल्याच आठवड्यात सगळीकडून हाका यायला लागल्या. "अहो, जरा इकडे मारा बरं, हे पनीर आहे का लिंबाची फोड आहे?" "काका, माझी पोळी कुठे गेली?" एका टेबलावरच्या आजोबांनी शेजारच्या टेबलाची कोशिंबीर संपवली आणि वर "मीठ कमी आहे" म्हणाले. बाबा प्रत्येकाच्या ताटावर टॉर्च मारत फिरायचे. घरी येऊन पाय दुखतात म्हणायचे आणि मजेत झोपायचे. खटखट थांबली होती. मी त्या नटाला मनातल्या मनात रोज नमस्कार करत होते.

मेन्यू मी लिहिला. नट, हॉटेलात आता सगळ्यांचे साहेब, म्हणाले, "ताई, तुम्ही शिकलेल्या, पदार्थांना सिनेमातली नावं द्या." मी एका मीटिंगमध्ये आवाज बंद करून बसले आणि दिली. मटार पनीर म्हणजे 'जत्रेत हरवलेला भाऊ', कारण पनीर शोधावं लागायचं. नूडल्स म्हणजे 'शहरात शिकून आलेला मुलगा'. साबुदाण्याची खिचडी 'विधवा वहिनी', दहीभात 'आईची शपथ'. पुण्यातल्या लोकांनी मेन्यू शेवटपर्यंत वाचला, दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारून दिलं आणि विचारलं, "हे सगळं ठीक आहे, पण साधं वरण-भात आहे का?"

आणि रोज संध्याकाळी आठ वाजता मध्यंतर. हे त्या हॉटेलचं खरं वैशिष्ट्य. पावणेआठला सगळी वाढणी थांबायची. पडद्यावर साहेबांच्या सगळ्यात गाजलेल्या सिनेमातला त्यांच्या मरणाचा प्रसंग लागायचा, तो संपला की दिवे, घंटा आणि काउंटरवर गरम बटाटेवडे, जुन्या थिएटरातल्यासारखे कागदात. कल्पना साहेबांची, पद्धत बाबांची. गोळीचा आवाज आला की बाबा मुदपाकखान्याकडे निघायचे. तिथे वर्ध्याकडचा आचारी झारा घेऊन तयार असायचा आणि रोज तेच विचारायचा, "मेले का जी साहेब? सोडू घाना?"

"मरतायत. सोडा."

बाकीच्या जेवणात त्या आचाऱ्याचा जीव नव्हता. पण वडा! बटाट्यात हिरवी मिरची आणि लसूण ठेचून, वरचं आवरण पातळ, आणि बरोबर छोट्या वाटीत लालभडक तर्री. पुण्यात वड्याबरोबर तर्री देतात का, असं बाबांनी पहिल्या दिवशी विचारलं. तो म्हणाला, "काका, बटाटेवडा काहाचा जी? आलुबोंडा म्हनतेत याले. आन आलुबोंड्यावर तर्री नाही टाकली तर मानूस रागावते आमच्याकडे." बाबांनी एक खाऊन पाहिला, कानाच्या पाळ्या लाल झाल्या आणि ते म्हणाले, "असू दे." बाबांच्या तोंडून यापेक्षा मोठं कौतुक मी ऐकलेलं नाही.

बाबांचं कौतुक सहज मिळत नाही हे साहेबांच्याही लक्षात आलं असावं. कारण मध्यंतर आटोपलं की ते रोज बाबांना गाठायचे. "काका, आज पाहिलंत का?"

"काय?"

"माझं मरण."

"वड्यापाशी होतो."

साहेबांचा चेहरा पडायचा. मी एका रविवारी घरी येता येता बाबांवर भडकले. म्हटलं, त्या माणसानं तुम्हांला काम दिलं, मान दिला, त्याला तुमच्याकडून एक शब्द हवा आहे. छान होतं म्हणा ना एकदा, काय जातं तुमचं?

"न बघता कसं म्हणू?" बाबा म्हणाले. "तू न तपासता पास करतेस का?"

आदल्याच शुक्रवारी मी नेमकं तेच केलं होतं. "मग बघा की एकदा," मी म्हटलं.

"आणि वडे?"

पहिले चार महिने हॉटेल जोरात चाललं. हाऊसफुलची पाटी रीतसर, भरल्यावर लागायची आणि ती बाबा स्वतः लावायचे. साहेब बाल्कनीत उभे राहून लोकांना हात करायचे. लोणीहून, हडपसरहून माणसं यायची. मग हळूहळू एक गोष्ट व्हायला लागली. पुण्याच्या माणसाला एखाद्या ठिकाणची एकच गोष्ट चांगली आहे हे कळलं, की तो बाकीच्या गोष्टींकडे ढुंकूनही बघत नाही, आणि ती एक गोष्ट मात्र शेजाऱ्याला सांगितल्याशिवाय राहत नाही. वडा चांगला आहे हे धायरीभर झालं. मग लोक आठला पाच कमी असताना यायला लागले. फाटकाशी रांग, घंटा झाली की आत, वडा, बाहेर. जेवायच्या वेळी आतली टेबलं रिकामी, आणि मध्यंतराला पाय ठेवायला जागा नाही. दिवे लागलेले, त्यामुळे टॉर्चचंही काम नाही. बाबा रांग सरळ करत उभे राहायचे. टॉर्च खिशात.

साहेबांनी नियम केला: जेवण घेतल्याशिवाय वडा मिळणार नाही. दुसऱ्या दिवशी रांगेतल्या एका निवृत्त गृहस्थांनी विचारलं, "जेवण म्हणजे किती पदार्थ, हे कुठे लिहिलंय?" लिहिलेलं नव्हतं. मग चार-चार माणसं एका टेबलावर बसून मिळून एक भाजलेला पापड मागवायची. पापडाला मी मेन्यूत 'गरीब पण स्वाभिमानी बाप' असं नाव दिलं होतं. एका संध्याकाळी असे एकवीस बाप गेले आणि दुसरं काही गेलं नाही.

मग साहेबांनी वेळच बदलून टाकली. मध्यंतर केव्हा होईल ते सांगायचं नाही. कधी सव्वासातला, कधी साडेआठला. म्हणजे लोकांना आधीपासून येऊन बसावं लागेल. यावर आमच्या सोसायटीनं उपाय काढला. रोज एकानं जाऊन चहा घेऊन बसायचं आणि पडद्यावर गोळी सुटली की सोसायटीच्या ग्रुपवर टाकायचं: मेले, निघा. मग आठ-दहा स्कूटर एकदम सुटायच्या. आमच्या घरापासून हॉटेल सहा मिनिटांवर, म्हणजे बाबांच्या घाण्याच्या हिशेबात अगदी चपखल बसणारं. ही कल्पना कुणाची होती ते मी इथे लिहिणार नाही. घरून काम करणाऱ्या माणसाला संध्याकाळी भूक लागते, एवढंच सांगते.

पण ग्रुपवर नव्यानं आलेल्या एका भाडेकरूला हे काही माहीत नव्हतं. त्यानं 'मेले' वाचलं, कोण ते विचारलं, कुणीतरी साहेबांचा उल्लेख केला आणि त्यानं सद्भावनेनं साहेबांचा एक फोटो काळा-पांढरा करून, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहून आपल्या बाकीच्या सगळ्या ग्रुपांवर पाठवला. सकाळपर्यंत तो फोटो महाराष्ट्रभर फिरला. अकरा वाजता हॉटेलसमोर माणसं हार घेऊन उभी. दार साहेबांनीच उघडलं. पुढच्या बाईंनी हार मागे लपवला आणि त्या म्हणाल्या, "अय्या, आहात होय!" काही जण फसवल्यासारखे परत गेले. एकानं विचारलं, "मग आज वडे आहेत का?"

त्या दिवशी हॉटेल खरोखर भरलं. जिवंत माणूस बघायला लोक आले आणि आले आहेत तर जेवून गेले. साहेब मात्र बाल्कनीच्या कोपऱ्यात बसून फोनवर स्वतःवरचे शोकसंदेश वाचत होते. मी आणि बाबा त्यांच्याजवळ गेलो.

"लोकांनी किती चांगलं लिहिलंय बघा," ते म्हणाले. "हसतमुख होते. मैत्री करावी तर त्यांनी. अमक्या सिनेमात किती छान सायकल चालवली." मग फोन खाली ठेवून म्हणाले, "काका, शेकडो लोकांनी लिहिलंय. माझ्या मरणाच्या कामाबद्दल एकानंही नाही. मी तर तेवढंच केलं हो आयुष्यात."

"कोण लिहिणार?" बाबा म्हणाले. "सगळे वड्याच्या रांगेत."

मी बाबांना कोपरानं ढोसलं. पण साहेब यावेळी हसले नाहीत. त्यांचे डोळे भरून आले होते. मला त्यांची फार दया आली, आणि बाबांचा इतका राग आला की रस्ताभर मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. घरी आल्यावर बऱ्याच दिवसांनी ती खटखट पुन्हा ऐकू आली.

त्यानंतर हॉटेल उतरणीलाच लागलं. साहेबांनी एक आठवडा वडा बंद करून पाहिला. त्या आठवड्यात फक्त एक माणूस आला आणि तो पत्ता विचारायला आला होता. वडा पुन्हा सुरू केला, रांग पुन्हा लागली, टेबलं पुन्हा रिकामी. 'आता नुसती वड्याची टपरी टाका' असं सगळ्यांनी त्यांना सुचवलं. मीही सुचवलं. ते म्हणाले, "ताई, मला एकदा तरी शेवटपर्यंत चालणारं काहीतरी करायचं होतं. नुसतं मध्यंतर करून कसं चालेल?" जागेच्या मालकाला तिथे व्यायामशाळा काढणारे कुणीतरी भेटले. वर्ष पुरं व्हायच्या आत हॉटेल बंद करायचं ठरलं. म्हणजे तसं बघितलं तर मध्यंतराआधीच.

शेवटच्या रविवारी दुपारी साहेबांनी आम्हांला बोलावलं. वेटर आधीच पांगले होते, आचारी आदल्या दिवशी गाडीत बसला होता. जाताना तो बाबांच्या पाया पडला आणि म्हणाला, "काका, तुमच्यावानी टाइम सांगनारा मानूस नाही भेटला जी." टेबलं गेली होती, खुर्च्या तेवढ्या रांगांत मांडलेल्या राहिल्या होत्या. पडदा अजून होता. तोही संध्याकाळी काढायचा होता.

"एकदा लावतो," साहेब म्हणाले. "शेवटचं." आणि ते दिवे-पडद्याचा रिमोट घेऊन पहिल्या रांगेत जाऊन बसले. पूर्ण हॉलमध्ये प्रेक्षक ते आणि मी.

बाबा खाकी शर्ट घालून आले होते. ते दाराशी जाऊन उभे राहिले, नेहमीसारखे पडद्याकडे पाठ करून. दिवे गेले. सिनेमा सुरू झाला. थोड्या वेळानं गोळी सुटली, आणि मी पाहिलं, बाबा निघाले. सवयीनं. तरातरा चालत मुदपाकखान्यात गेले. आत शेगडी नव्हती, कढई नव्हती, कुणी "मेले का जी?" विचारायला नव्हतं. काही क्षण ते तिथेच असावेत. मग ते परत आले, पण दाराशी गेले नाहीत. रांगांच्या मधल्या वाटेत उभे राहिले. टॉर्च बंद केला. आणि पडद्याकडे वळले.

खरं सांगायचं तर मीही तो प्रसंग नीट कधी पाहिला नव्हता. मीसुद्धा वड्याकडेच बघायचे. पडद्यावर तरुण साहेब पोस्टाच्या पायऱ्यांवर पडले होते. पोटात गोळी, हातात नायकाचं प्रेमपत्र. ते उठतात, पडतात, पुन्हा उठतात. पत्राला तिकीट लावायचं राहिलंय. खिशातून तिकीट काढतात, जिभेला लावतात, पाकिटावर चिकटवतात, अगदी सरळ. पुन्हा पडतात. सरपटत पेटीपर्यंत जातात, पत्र टाकतात. मग, सगळं झाल्यावर, त्या लाल पेटीवर एकदा हात फिरवतात, घरातून निघताना लहान पोराच्या डोक्यावरून फिरवावा तसा. आणि संपतात. हे सगळं मिळून सात मिनिटं चाललं. हसू यायला हवं होतं. अर्धा वेळ मला येतही होतं.

दिवे लागले. साहेब वळले नाहीत, आणि त्यांनी विचारलंही नाही. विचारायचं त्यांनी सोडून दिलं होतं.

बाबा चालत पहिल्या रांगेपाशी गेले. "पाहिलं," ते म्हणाले.

साहेबांनी मान वर केली.

"दोनदा उठायची गरज नव्हती. एकदा पुरे होतं. आणि गोळी लागलेला माणूस तिकीट इतकं सरळ लावत नाही."

"दिग्दर्शकानं सांगितलं होतं, काका," साहेब पुटपुटले.

"हं." बाबांनी टॉर्च या हातातून त्या हातात घेतला. "पण ते पेटीवर हात फिरवलात ना..." पुढे त्यांना बोलता येईना. माझ्या बाबांना बोलता येईना, हे मी आयुष्यात त्याआधी एकदाच पाहिलं होतं, आई गेली तेव्हा. मग ते म्हणाले, "चांगलं मेलात हो. फार चांगलं मेलात. माझ्या पाठीमागे इतकं सगळं चालायचं आणि मला पत्ता नव्हता."

साहेबांनी बाबांचा टॉर्चचा हात दोन्ही हातांत धरला. साठीचा तो माणूस ढसाढसा रडला, आणि पडद्यावर रडायचा त्यापेक्षा फारच वाईट रडला, नाक वगैरे लाल करून. मग रुमाल शोधत त्यानं विचारलं, "पुन्हा लावू?"

"लावा," बाबा म्हणाले. "सुरुवातीपासून लावा. कुणाचं पत्र आहे ते मला कळलं नाही."

आणि ते साहेबांच्या शेजारच्या खुर्चीवर बसले. चौतीस वर्षं आणि हे एक, एवढ्या काळात पडद्यासमोर बसलेलं मी त्यांना प्रथमच पाहिलं. बसताना त्यांना टॉर्चचं काय करायचं ते सुचेना. त्यांनी मागे वळून तो माझ्यापुढे धरला.

"दाराशी उभी राहा," ते म्हणाले. "मध्येच कुणी आलं तर जागा दाखव. आणि इकडे बघत बसू नकोस."

दिवे गेले. मी टॉर्च घेऊन दाराशी जाऊन उभी राहिले, पडद्याकडे पाठ करून. कुणी आलं नाही.